ओलं दळण

‘काय दळतोयस?’ अण्णांनी फोनवर विचारलं आणि मी ‘मका’ म्हणालो.

खोटं बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. डिसेंबरचा पहिला आठवडा, संध्याकाळचे साडेसात, आणि मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, शेजाऱ्यांच्या गॅरेजात उभा. तिकडे कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात सकाळचे सात वाजले होते. अण्णांचा चहा झाला की ते फोन करतात, तसा त्यांनी केला. मी तो उचलून बाकावर उताणा ठेवला, म्हणजे त्यांना फक्त छताची ट्यूब दिसावी. समोर पाऊण घोड्याची मोटर पळत होती, पट्टा किंचाळत होता आणि ओतीव लोखंडाच्या यंत्रातून हरणाचा खिमा बाहेर पडत होता. अण्णा माळकरी. माझ्या जन्माआधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांना सकाळी सकाळी काय सांगणार?

पण अण्णांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. ते थोडा वेळ गप्प बसून ऐकत राहिले.

‘मका न्हाई ह्यो,’ ते म्हणाले. ‘मका तडतडतो. ह्यो आवाज दबल्याला हाय. कायतरी वलं घातलंयस. आन् गिरणी पळतीया तुजी.’

आमच्या शेजाऱ्यांना घरात आम्ही ‘हरणवाले काका’ म्हणतो. हे नाव बायकोने ठेवलं. मॅडिसन शहराच्या पश्चिमेला टेकड्या आणि मक्याची शेतं आहेत, तिथे आमचं घर. त्याला लागून काकांचा जुना गोठा, लाल रंगाचा, आता रिकामा. सत्तरी ओलांडलेला माणूस. आयुष्यभर गाई सांभाळल्या आणि शेवटी विकून टाकल्या. या राज्यात गेल्या वीस वर्षांत निम्म्याहून अधिक दूधधंदे बंद पडले, त्यातलाच हा एक. इंग्रजीत अहो-जाहो नाही ही माझी कायमची अडचण. त्यांना नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते, म्हणून मी हाक मारतच नाही. कॉफीचा मग घेऊन जातो आणि समोर उभा राहतो.

इथे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून अधिक माणसं भगभगीत नारिंगी जाकिटं घालून रानात जाऊन बसतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, एवढे वारकरी कुठे निघाले? ऑफिसं ओस पडतात, पेट्रोल पंपावर मंडळी एकमेकांना ‘किती मिळाली?’ विचारतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण इथे आपल्याकडच्या भटक्या गाईइतकं सर्रास दिसतं. संध्याकाळी गाडी चालवताना ते मधे येईल याची सतत धास्ती असते. तरी मला सवय व्हायला वेळ लागला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा. चितळ, सांबर, भेकर यांना हात लावला तर थेट तुरुंग, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. काकांच्या गॅरेजात पहिल्यांदा उलटं टांगलेलं हरीण पाहिलं तेव्हा मी नकळत रस्त्याकडे बघितलं होतं, कोणी येत तर नाही ना.

काका, त्यांचा मुलगा आणि नातू मिळून वर्षाला तीन हरणं आणतात. मध्यम हरणाचं हाडं काढून पन्नास पौंडांच्या आसपास मांस निघतं. पाठीचे आणि मांडीचे चांगले तुकडे वेगळे काढले तरी उरलेलं निम्म्याहून जास्त मांस खिम्यातच जातं. खांदा, मान, फासळ्यांमधलं, सगळं चिवट. ते नुसतं शिजवलं तर चघळत बसावं लागतं. पूर्वी ते एका कटाई करणाऱ्याकडे टाकत. एका वर्षी पुड्यांत केस निघाले, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याच हरणाचं मांस आपल्याला परत मिळालं याची खात्री राहिली नाही. तेव्हापासून घरीच. वडिलांच्या वेळचं हाताने फिरवायचं यंत्र होतं, फळ्याला बोल्टने बसणारं, ३२ नंबरचं. पण मागच्या वर्षी काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरमध्ये ते यंत्र हातात घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. मी कारखान्यांना लागणाऱ्या यंत्रांचं डिझाइन करतो, हे त्यांना माहीत होतं. मी गिरणीवाल्याचा मुलगा आहे, हे माहीत नव्हतं.

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. जर्मनीच्या कार्ल फॉन ड्राइसने १८१७ मध्ये दोन चाकांची लाकडी धावगाडी काढली. ती सायकलची पूर्वज मानली जाते, आणि खिम्याच्या यंत्राचं श्रेयही सहसा त्यालाच देतात. मला हे फार आवडतं. दोन्हींत युक्ती एकच, माणसाची ताकद गोल फिरवून पुढे न्यायची. आत एक जाड मळसूत्री दांडा असतो, तो मांस पुढे रेटतो. त्याच्या टोकाच्या चौकोनी खुंटीवर चार पात्यांची फिरकी, तिच्यापुढे भोकं पाडलेली पोलादी जाळी, आणि हे सगळं आवळून धरणारं कडं. मांस जाळीच्या भोकात शिरतं आणि मागून पातं त्याला कात्रीसारखं कापतं. नंबर जाळीच्या आकारावरून ठरतात. ८ नंबरची जाळी अडीच इंची, २२ ची सव्वातीन, ३२ ची जवळजवळ चार. काकांचं धूड रिकामंच उचलताना दोन हात लागतात.

मोटर गोठ्यातच मिळाली. धारा काढायच्या यंत्राला हवा ओढून देणारा पंप असतो, त्याची ती मोटर, पाऊण घोड्याची. वर पत्र्याच्या पट्टीवर १७२५ फेरे. मी ती पट्टी पुसून वाचली आणि हसलो. अण्णांच्या गिरणीच्या मोटरवर १४४० लिहिलेलं असायचं आणि लहानपणी मला तो आकडा पाढ्यासारखा पाठ होता. मोटरची जात तीच, चार ध्रुवांची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पुरी करते म्हणून चुंबकी क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, इथे ६० म्हणून १८००. मोटरचा गाभा नेहमी त्याच्या थोडा मागे राहतो, ती मागे राहण्याची रक्कम वजा केली की १४४० आणि १७२५. दोन देशांत मी इतकी वर्षं राहिलो, पण त्यांच्यातला फरक इतक्या नेमक्या आकड्यात मला कुणी सांगितला नव्हता.

आता एवढा वेग कमी करायचा. हाताने कोणी मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांपुढे फिरवत नाही. जोर किती लागतो ते पाहायला आम्ही हँडलच्या टोकाला मासे तोलायचा काटा अडकवून ओढला. यंत्र भरलेलं असताना पंधरा ते वीस किलोच्या मधे. म्हणजे मोटरला मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांवर आणावं, की तेवढाच जोर आरामात मिळतो. कागदावर सगळं स्वच्छ होतं. पण गोठ्यात एक बारा इंची पुली पडली होती, फुकटची. मोटरवर दोन इंची, समोर ही बारा इंची, सहाला एक, म्हणजे २८७ फेरे. जास्त होतात, जोर कमी पडणार, हे मला दिसत होतं. काका म्हणाले, ‘लावून तर बघू.’ मीही म्हणालो, लावून तर बघू. फुकट मिळालेल्या पुलीपुढे इंजिनिअरिंगची पदवी टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मी अडून राहून करवून घेतली. पुली थेट यंत्राच्या दांड्यावर बसवायची नाही. त्या दांड्याला बेअरिंग नसतं, ओतीव लोखंडातल्या साध्या भोकात तो फिरतो. पट्टा सतत एका बाजूला ओढत राहिला तर ते भोक वर्षा-दोन वर्षांत लंबगोल होणार. म्हणून मागे वेगळा शाफ्ट, दोन बेअरिंगांवर, त्यावर पुली, आणि शाफ्टच्या टोकाला जोड. हा जोड करताना आमचे दोन रविवार गेले. जुनं हँडल मुळाशी कापलं. जे बुडखं उरलं त्याच्यात दांड्यावर बसणारी चपटी खाच आधीच होती. त्याला दोन खुंट्या वेल्ड केल्या आणि शाफ्टवरच्या चकतीत त्यांच्यासाठी दोन भोकं पाडली. यंत्र पुढून सरकवलं की खुंट्या भोकात जाऊन बसतात, ओढलं की सुटतात, आणि यंत्र तेवढं उचलून मोरीत धुवायला नेता येतं. वेल्डिंगमुळे एक खुंटी केसभर तिरकी झाली होती. काकांनी ती वाइसमध्ये धरून कानशीने घासली. चार वेळा घासायची, बसवून बघायची, काढायची, परत घासायची. कानशीचा तो आवाज आणि बोटाने कडेवरचा भुसा पुसायची लकब पाहून मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. आमच्याकडे तो भुसा सदऱ्याला पुसतात, इथे जीनला.

हँडल कापताना काकांचा हात थांबला होता. वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली लाकडी मूठ होती ती. त्यांनी मूठ तेवढी काढून खिशात टाकली आणि करवत लावली.

यंत्राच्या तोंडात हात जाऊ शकतो. हे ३२ नंबरचं असल्याने पुरा हात जाईल एवढं तोंड. हाताने फिरवताना ते चालतं, कारण फिरवणारा आणि हात घालणारा एकच असतो. मोटरला ते कळत नाही. गावाकडे मळणी यंत्रात हात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. अण्णा गिरणीत शिरताना उपरणं खुंटीला लावून मगच आत जात. तेव्हा तोंडावर आडव्या सळयांची चौकट, ढकलायला मेपलचं लांब दांडकं, पट्ट्याला पत्र्याचं झाकण आणि पायाने दाबून ठेवायचं बटण. पाय उचलला की मोटर बंद. काकांना पायबटण म्हणजे थेरं वाटली. ‘माझ्या बापाची दहाही बोटं शाबूत होती,’ ते म्हणाले. मी म्हणालो, त्याने मोटर लावली नव्हती.

यंत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झालं, पण खरं काम सुरू झालं डिसेंबरात, आणि त्याला कारण आहे. आमच्या या भागातल्या हरणांना मेंदू झिजवणारा एक रोग आहे. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला, इथून जवळच. हरीण वाळत जातं, लाळ गाळतं आणि मरतं. त्याचं कारण जंतू नाही, विषाणूही नाही, बिघडलेल्या घडीचं प्रथिन आहे आणि ते शिजवून मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी तपासल्याशिवाय खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. म्हणून मानेतल्या गाठींचा नमुना द्यायचा, मांसाचे तुकडे करून गोठवून ठेवायचे आणि निकालाची वाट बघायची. निकाल येईपर्यंत काका यंत्राला हात लावत नाहीत. आणि त्यांचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच हरीण. एकाचा खिमा झाला की यंत्र पूर्ण सोडून धुवायचं, मगच दुसरं. पुड्यांवर मार्करने हरणाचा नंबर, कुणी मारलं, तारीख.

त्यांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी मान डोलवत होतो, पण डोळ्यांपुढे आमची गिरणी होती. ओळीने लावलेले डबे, डब्यांवर खडूने नावं. ‘आधी बाजरी दळली आसंल तर माझं गहू टाकू नका बरं का,’ म्हणून दारात उभ्या राहिलेल्या बायका. एक दळण संपलं की अण्णा पुढच्या दळणातली ओंजळभर आधी काढून दगडातून पळवत, ते पीठ वेगळं झाडून घेत आणि मग डबा लावत. उपासाचं दळण, राजगिरा, वरी, शिंगाडा, हे एका ठरावीक दिवशी सकाळी, सगळं झाडून झाल्यावर. त्यात ज्वारीचा एक कण गेला तरी कुणाची तरी एकादशी मोडायची. अण्णांना ते पाप माथी नको होतं. काकांनी पहिलं हरीण संपल्यावर पावाचे दोन शिळे तुकडे यंत्रात घातले, जेणेकरून आत अडकलेलं मांस बाहेर रेटलं जावं. मला ती ओंजळच वाटली.

तर ती पहिली संध्याकाळ. मांसाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापलेल्या, अर्धवट गोठलेल्या. हरणाच्या मांसाला स्वतःची चरबी नसल्यासारखीच असते आणि जी असते ती तोंडात मेणासारखी लागते, म्हणून ती खरवडून टाकतात आणि डुकराची मिसळतात, दहा-पंधरा टक्के. पायबटण दाबलं. मोटर घुमली, पट्टा ताणला गेला आणि यंत्र झपाट्याने फिरायला लागलं. पाच मिनिटं आम्ही दोघे लहान मुलांसारखे हसत होतो. मग पट्टा किंचाळायला लागला. जाळीतून जे आधी सुटं येत होतं ते आता चिकट, गुलाबी, मलमासारखं येऊ लागलं. तेवढ्यात अण्णांचा फोन.

‘हात लावून बघ,’ ते म्हणाले. ‘गरम लागतंय का?’

मी बोट लावलं. गरम म्हणावं असं नव्हतं, पण गॅरेजात हात बधिर होत होते आणि हे कोमट होतं. चरबी बोटाला तुपासारखी माखली.

‘कोमट हाय,’ मी म्हणालो. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तिकडची होते.

‘मंग तेच. पावसाळ्यात न वाळवलेली ज्वारी आणत्यात लोक, आवाज आस्साच येतो. दगड पळवला की पीठ तापतं, दगडाला लिंपतं. त्या पिठाची भाकरी थापायला घेतली की तुटती. वलं दळण आसंल तर दगड हळू पायजे आन् माल गार पायजे. पट्टा ताणून भागत न्हाई, उगं बेअरिंग खाईल त्यो.’

काका मधे बघत होते. मी त्यांना सांगितलं, माझे वडील म्हणतात वेग जास्त आहे. काकांनी फोनकडे बघितलं, म्हणजे फोनमधून छताकडे बघणाऱ्या माझ्या वडिलांकडे, आणि हात वर केला. अण्णांना तो दिसला नसणार.

इतकी वर्षं यंत्रं डिझाइन करून मी हे वाचलेलं नव्हतं असं नाही. चरबी तापली की पातळ होते, मांसावर लिंपते, पातं कापायचं सोडून ठेचायला लागतं. पुस्तकात सगळं आहे. पण पुस्तक आठ हजार मैलांवरून पट्ट्याचा आवाज ऐकून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बारा इंची पुली काढली. मधे आणखी एक शाफ्ट घातला. दोनवरून आठ, परत दोनवरून आठ. चार चोक सोळा. १७२५ भागिले १६, म्हणजे १०८ फेरे. आता मोटर लावली की पाण्यात म्हैस चालावी तसा दांडा फिरतो, कंटाळवाणा आणि न अडणारा. मांस जाळीतून सोऱ्यातून शेव पडावी तसं सुटं सुटं, लांब दोऱ्यांनी बाहेर आलं. लाल दोरा आणि पांढरा दोरा वेगळा ओळखता येत होता. काकांनी थोडं चिमटीत धरून दाबलं, सोडलं. ‘हं,’ म्हणाले. या भागातली माणसं यापेक्षा जास्त कौतुक करत नाहीत.

मध्येच आणखी एक फजिती झाली, ती माझी एकट्याची. धुऊन जोडताना मी पातं उलटं बसवलं. पात्याची सपाट बाजू जाळीला टेकायला हवी. मी फुगीर बाजू टेकवली. यंत्र फिरतंय, मोटर कण्हतेय, आणि जाळीतून काही येत नाही, नुसता रस टपकतोय. मी पट्टा तपासला, चावी तपासली, मोटरचा कपॅसिटर बघितला. काकांचा बारा वर्षांचा नातू आला, कडं सोडलं, पातं फिरवून बसवलं आणि निघून गेला.

पातं आणि जाळी यांचं लग्न लागलेलं असतं, असं काका सांगतात. ज्या पात्याने ज्या जाळीवर घासून जागा केली त्याला तिच्यावरच ठेवायचं. त्यांच्या वडिलांनी तीनही जोड्यांवर छन्नीने खुणा केल्या होत्या, एक टिंब, दोन टिंबं, तीन. धार गेली की टेबलावर जाड काच ठेवायची, तिच्यावर ओला पॉलिश पेपर, आणि जाळी पालथी घालून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची. दाब सारखा. थोड्या वेळाने करडी रेघ दिसते, ती जाळीभर एकसारखी झाली की झालं. मी एक तास ते करत बसलो होतो. अंगठ्याखाली पोलाद घासल्याची ती बारीक खरखर थेट दातांत जाते.

अण्णा दगडाला टाकी लावायचे. दर आठ-दहा दिवसांनी गिरणी बंद, दगड उघडायचा, पालथं गोणपाट टाकून त्यावर मांडी घालायची आणि टिकावासारख्या छोट्या हत्याराने दगडावर खाचा मारत जायचं. मधून बाहेर, बाहेरून मधे. आई म्हणायची, हा आवाज आला की गल्लीतल्या लोकांना कळतं आज दळण मिळणार नाही. दगडाच्या कपच्या उडून अण्णांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत निळसर काळे ठिपके झाले आहेत. कातडीखाली दगड राहिला आहे तो. लहानपणी मी ते मोजायचो. काकांच्या हातावर गाईच्या शिंगाचा वळ आहे आणि वेल्डिंगचे दोन डाग. माझ्या हातांवर काहीच नाही. एक संगणकाच्या माऊसचा घट्टा आहे, तळव्याच्या कडेला.

आणखी एक लहानशी पण महत्त्वाची बाब. यंत्र सगळं बारीक करून सगळीकडे पसरवतं, नको तेही. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात शिरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं होतं. तेव्हापासून काका तांब्याच्या गोळ्या वापरतात आणि जखमेभोवतीचं मांस भरपूर कापून टाकतात. महाग पडतं म्हणून कुरकुरतात, पण वापरतात. नातवाकडे बघून.

तीन हरणांचा खिमा तीन संध्याकाळींत झाला. आधी हाताने एका हरणाला एक संध्याकाळ आणि दोन दिवसांची खांदेदुखी लागायची. शेवटच्या रात्री बाकावर जाड मेणकागद पसरला. काका काट्यावर एक एक पौंड तोलत होते आणि मी पुड्या बांधत होतो. हे मांस विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इथे बाजारासाठी एवढी शिकार झाली की हरणं दिसेनाशी झाली. मग १९०० च्या लेसी कायद्याने आणि राज्यांच्या आपापल्या कायद्यांनी तो धंदा बंद पाडला. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणाचं. रानातलं फक्त स्वतः खायचं नाहीतर द्यायचं. म्हणून बाकावर ढीग पडले होते. एक मुलाचा. एक चर्चमधल्या एका विधवा बाईंचा. एक रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाचा. एक दूध नेणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचा, ज्याचं आता इथे काही काम नाही.

याला आमच्याकडे वाटे घालणं म्हणतात. जत्रेला चार घरांनी मिळून बकरं घ्यायचं, अंगणात केळीची किंवा पळसाची पानं मांडायची आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं ठेवत जायचं, म्हणजे कुणाला नुसती हाडं आणि कुणाला नुसती कलेजी असं होऊ नये. आमच्या घराचा वाटा नसायचा. तरी वाटे घालायला लोक अण्णांनाच बोलवत. माळकरी माणूस, त्याला त्यातलं काही नको, आणि गिरणीवाल्याचा हात तोलाला पक्का. अण्णा जात, पानांकडे नीट न बघता हे इकडून तिकडे टाका असं सांगत आणि घरी येऊन अंघोळ करत.

सहा पौंडांचा ढीग काकांनी माझ्याकडे सरकवला. मी म्हणालो, मी काय शिकार केलेली नाही. ते म्हणाले, ‘तुझ्या वडिलांचाही आहे त्यात.’ आता याचं मी काय भाषांतर करणार होतो?

बायकोने त्याचा खिमा केला. कांदा लालसर परतून, घरचं कांदा-लसूण तिखट, वाटाणे आणि शेवटी लिंबू. मांस गडद, चव थोडी उग्र, कलेजीच्या बाजूला झुकणारी. पाव इथल्या दुकानातला, गोडसर, ते एक वाईट. काकांना एक डबा नेऊन दिला. डबा परत आला तो धुऊन, आणि आत चार अंडी. रिकामा डबा परत करू नये हे यांना कुणी सांगितलं?

यंत्र धुऊन, पुसून, खायच्या तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून गोठ्यात ठेवलं. वडिलांची ती लाकडी मूठ काकांनी मेपलच्या दांडक्याच्या टोकाला बसवली.

अण्णांनी त्यानंतर त्या यंत्राचा विषय काढला नाही. थंडी किती, पोरांची शाळा, ऊस गेला का. वर्ष गेलं. परवा परत डिसेंबरातली संध्याकाळ, त्यांच्याकडची सकाळ, मी गॅरेजात, फोन उताणा. यंत्र आपल्या चालीने घुमत होतं. अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले.

‘बरी चाललीया,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘औंदा मका किती?’

‘तीन,’ मी म्हणालो.

पलीकडे कपबशीचा आवाज झाला.

‘बरं. एकात एक मिसळू नगा.’